डाव्या हाताला रग

आतेभाऊ अमेरिकेहून आला तो 2006च्या डिसेंबरात. त्याच्या बॅगेत माझ्यासाठी वापरलेला, चरे पडलेला चंदेरी निन्टेंडो डीएस होता आणि सोबत एकच कार्ट्रिज, ‘मेट्रॉइड प्राइम हंटर्स’. चार्जरवर 120 व्होल्ट लिहिलेलं बाबांनी वाचलं म्हणून यंत्र वाचलं. मी तर पिन प्लगपाशी नेलीच होती. आठवडाभराने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला. तो खुद्द डीएसपेक्षा जड होता आणि तापला की वार्निशचा वास सोडायचा.

सांगलीत तेव्हा रोजचं भारनियमन. पंखा बंद, टीव्ही बंद, आजीचा कंदील जिन्यात. अशा वेळी डीएसचे दोन पडदे उजळायचे आणि सॅमस अरान अवकाशयानातून उतरायची.

सॅमस 1986 पासूनची. अंगावर चिलखत, उजव्या हाताच्या जागी तोफ, पेशाने इनामी शिकारी. ‘हंटर्स’ अमेरिकेत मार्च 2006 मध्ये आला आणि निन्टेंडोच्याच अमेरिकेतल्या एका स्टुडिओने तो केला होता. कथा ओळखीची: अलिंबिक नावाच्या तारकासमूहात कसलीशी परमशक्ती दडली आहे असा संदेश येतो, सॅमस निघते, आणि तिच्यासारखेच आणखी सहा शिकारी त्याच वासावर निघालेले असतात. कथेत याहून जास्त काही नाही आणि खेळणाऱ्याला त्याची फारशी उणीवही भासत नाही.

खरी करामत होती ती काडीची. डीएसच्या खालच्या पडद्याला स्पर्श कळायचा आणि वरच्या पडद्यावर लढाई दिसायची. स्टायलस खाली सरकवली की वर सॅमसची नजर फिरायची, माऊससारखी, अगदी सुताइतकी अचूक. पडद्यावर दोनदा टिचकी मारली की उडी. डाव्या अंगठ्याने चालायचं, डाव्या तर्जनीने एल बटण दाबून गोळी झाडायची. त्या काळी हातात मावणाऱ्या यंत्रांवर नेमबाजी म्हणजे बटणं दाबत मान वळवण्याचा कंटाळवाणा प्रकार असायचा. इथे ‘इम्पिरियलिस्ट’ ही लांब पल्ल्याची बंदूक घेऊन दूरच्या कठड्यावरच्या शत्रूचं डोकं टिपता यायचं, आणि टिपलं की तो एकाच गोळीत आडवा. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अंधारात एवढ्या मोठ्यांदा ओरडलो की आजीला वाटलं, वीज आली.

पण हिशेब करा. डीएसचं वजन 275 ग्रॅम. उजवा हात काडीत गुंतलेला, म्हणजे अख्खं यंत्र डाव्या हाताच्या तळव्यावर. त्याच हाताचा अंगठा चालतोय, तर्जनी झाडतेय. वीस मिनिटांत अंगठ्याच्या बुडाशी रग लागायची, मग करंगळी बधिर व्हायची. मी उशी मांडीवर घेऊन बघितली, टेबलाच्या कडेला टेकवून बघितलं. आईने तर एकदा हाताला आयोडेक्स चोळून दिलं. ज्या रचनेमुळे खेळ इतका अचूक झाला, तीच रचना हाताचा जीव घ्यायची. दुसरी पद्धत निवडता यायची, फक्त बटणांची. ती दोन दिवस वापरली आणि सोडली. तिच्यात मजाच उरत नव्हती.

एकट्याने खेळायच्या भागाबद्दल मात्र माझी तक्रार हाताएवढीच जुनी आहे. जमवायचे आठ ऑक्टोलिथ, प्रत्येकाच्या राखणीला एक महाशत्रू. पहिला क्रेटाफिड, डोळे बसवलेला उंच खांब. दुसरा स्लेंच, भिंतीला चिकटलेला प्रचंड डोळा. दोन्ही पहिल्यांदा भेटतात तेव्हा घाम फुटतो. तिसऱ्या खेपेला पुन्हा खांब. चौथ्याला पुन्हा डोळा. आठ लढायांत राक्षस दोनच, आलटून पालटून चारचार वेळा, जरा जास्त चिवट करून पाठवलेले. आणि प्रत्येक लढाईनंतर उलटी मोजणी सुरू, धावत यान गाठा. सेव्ह करायचं तेही यानातच. बॅटरीचा लाल दिवा लागलाय, वीज यायला तास आहे आणि यान सहा खोल्या मागे, या कात्रीत मी किती संध्याकाळी घालवल्या ते आईला विचारा.

त्या रटाळ भागात जीव यायचा तो प्रतिस्पर्धी शिकाऱ्यांमुळे. त्यांच्याकडून मेलात तर ते तुमचा एखादा ऑक्टोलिथ घेऊन पसार होतात. मग शोधत फिरा. सातही शिकारी जोडीदारांशी लढताना निवडता येतात आणि प्रत्येकाचा पिंड वेगळा. स्पायरला लाव्हा बाधत नाही. वीव्हेल स्वतःचे दोन तुकडे करून खालचा अर्धा तोफ म्हणून मागे ठेवतो. हातात इम्पिरियलिस्ट धरून ट्रेस स्तब्ध उभा राहिला की दिसेनासाच होतो. खेळ चौघांच्या लढाईसाठी घडवला होता हे उघडच आहे. इंटरनेटवरची लढत नीट बसावी म्हणून तो 2005 वरून पुढे ढकलला गेला होता. माझ्याजवळ होता एकच डीएस, आणि अख्ख्या गल्लीत दुसरा नव्हता. म्हणजे ताटातलं पक्वान्न झाकलेलं आणि मी तीन वर्षं वरणभात खात बसलेलो.

2009 मध्ये पुण्याच्या फ्लॅटवर वाय-फाय आलं. डीएसला फक्त वेप ही जुनी सुरक्षा कळायची, म्हणून सगळ्यांचा रोष पत्करून राउटरची सेटिंग्ज बदलली. पहिल्या लढतीत परक्या देशातल्या कुणा अनोळखी खेळाडूने मला चार मिनिटांत सात वेळा मारलं. दुसऱ्या लढतीत मी पुढे गेलो तसा समोरचा कनेक्शन तोडून पळाला. तिसरी मात्र शेवटपर्यंत झाली, एका गुणाने हरलो आणि पहाटे दोनपर्यंत झोप आली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं की हा खेळ काय चीज आहे.

निन्टेंडोने ती ऑनलाइन सेवा 20 मे 2014 रोजी बंद केली. खेळाचा तगडा अर्धा भाग त्या दिवशी गेला आणि खांब व डोळा तेवढे उरले. सहा शिकाऱ्यांपैकी सायलक्सचं नशीब थोर: डिसेंबर 2025 मध्ये आलेल्या ‘मेट्रॉइड प्राइम 4’ मध्ये तोच खलनायक आहे.

कुणाच्या कपाटात हे कार्ट्रिज पडलेलं असेल तर एकट्याने पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. आणखी एक डीएस मिळवा, एकाच कार्ट्रिजवर दोघांना मर्यादित का होईना पण लढता येतं. आणि दर वीस मिनिटांनी डावा हात झटका.