वसुंधरेचा सिनेमा आणि नदीकाठची माणसे

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात, तसे ते सिनेमाचेही जुने गाव आहे. प्रभात कंपनीच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. पर्यावरणाच्या माहितीपटांचे महोत्सव परदेशात भरतात, हे आपण पेपरात वाचतो. पण आपल्या पुण्यातही २००७ साली किर्लोस्कर वसुंधरा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि देशोदेशीचे जंगल, पाणी, पशुपक्षी पडद्यावर आले.

एका जानेवारीत आम्ही ताडीवाला रस्त्यावरची दहा-बारा माणसे, बायकापोरांसह, बालगंधर्व रंगमंदिरात हा महोत्सव पाहायला गेलो. तिकीट नव्हते. दारात कोणी अडवले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘तो शिकलेल्यांचा सिनेमा’ असे समजून आपली माणसे जंगली महाराज रस्त्याकडे फिरकत नाहीत. आता तर मेट्रोचे छत्रपती संभाजी उद्यान स्थानक तेथून जवळच आहे.

मुले हरखून गेली. निवेदन इंग्रजीत होते, ते सगळ्यांना कळले असे नाही; पण चित्राला भाषा लागत नाही. समुद्रावर कासवीण वाळूत अंडी घालते, वाळू लोटते आणि मागे न पाहता पाण्याकडे निघते. ते पाहून आमच्यातल्या आजी म्हणाल्या, “बाळंतीण लगेच कामाला निघाली गं!” पुढच्या रांगेतले लोकही हसले.

रंगमंदिराच्या मागे मुठा नदी आहे. सिनेमा सुटल्यावर आम्ही तिच्याकडे पाहत उभे राहिलो. एरवी काळे, वास मारणारे पाणी. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बुडतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि हीच नदी पेठांमध्ये शिरली. त्या दिवसाच्या आठवणी जुनी माणसे पुढच्यांना सांगत आली. अलीकडचेही विसरता येत नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतले संसार वाहून गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसे नेली. पाणी प्रथम येते ते ज्यांना काठावरच जागा मिळाली त्यांच्या घरात.

पर्यावरण म्हणजे वाघ आणि अरण्य, असे आपणही समजून बसलो आहोत. खरे तर नळाला किती वेळ पाणी येते, गटार कोठे तुंबते, कचरा कोणाच्या दारात पडतो, हेच आपले पर्यावरण. त्यावरही सिनेमे झाले आहेत. अतुल पेठे यांनी पुण्याच्या सफाई कामगारांवर ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला. तमिळनाडूत दिव्या भारती यांनी हाताने मैला साफ करणाऱ्यांवर ‘कक्कूस’ केला, तो २०१७ साली लोकांसमोर आला. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ मध्ये दिल्लीतले दोन मुसलमान भाऊ घराच्या तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. या चित्रपटाला २०२२ साली अमेरिकेत सनडान्स आणि फ्रान्समध्ये कान येथे मोठे मान मिळाले. साध्या वस्तीतली गोष्ट सातासमुद्रापार जाते, ती अशी.

आता पुण्याचेच पाहा. कचरावेचक बायाबापड्यांनी १९९३ साली बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यात आपल्या दलित समाजातल्या बायाच जास्त. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली महापालिकेशी करार होऊन त्या दारोदारचा कचरा गोळा करू लागल्या. प्लास्टिक, कागद, काच वेगळी काढून भंगारात देणारी ही बाई जेवढा कचरा वाचवते, तेवढा डेपोवर जात नाही. पर्यावरणाचे काम याहून वेगळे काय असते? तिला मात्र आपली मुलेसुद्धा ‘कचरेवाली’ म्हणतात. कचरा करणारे आपण. ती तर सफाईवाली.

गटारात उतरून माणसे अजून मरतात. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. ही रक्कम हक्काची आहे, हे घरोघर ठाऊक असले पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी सर्वांचे, हे त्या दिवशी कृतीने सांगितले गेले. तेव्हा पाणी, हवा, जमीन हा विषय आपल्याला परका कसा?

म्हणून माताभगिनींना आमचे सांगणे आहे. असा महोत्सव भरला की मुलांना घेऊन जरूर जावे. सिनेमा संपल्यावर प्रश्न विचारायची वेळ असेल, तर मुलाने हात वर करून आपल्या वस्तीतला एक प्रश्न विचारावा. विहाराच्या सभागृहात एखाद्या रविवारी ‘कचराकोंडी’ लावावा आणि पहिल्या रांगेत सफाईचे काम करणाऱ्या आपल्या बायांना बसवावे.