खरखर नेमकी कुठे आहे?

भातसानगरला पाटबंधारे खात्याच्या क्वार्टर्समध्ये, भातसा धरणाच्या सावलीत वाढलेल्या आमच्या पिढीला फोनचा बिघाड कानाने कळायचा. डायल टोन स्वच्छ आला की लाइन ठीक. खरखर आली की कुठल्या तरी जॉइंटमध्ये पाणी शिरलं. तिसऱ्याच कुणाचं बोलणं कानावर पडलं की तारा एकमेकींना टेकल्या. आणि काहीच ऐकू आलं नाही, तर चपला घालून शेजारी जायचं, त्यांचा फोन चालू आहे का बघायला. त्यांचाही बंद निघाला की निम्मं दुःख तिथेच ओसरायचं.

आताची मुलं काही ऐकत नाहीत, आकडे बघतात. टीव्हीच्या मागे एटीएम कार्डाएवढा एक बोर्ड चिकटवलेला असतो, रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक. फेब्रुवारी २०१२ मध्ये पहिला बाजारात आला तेव्हा किंमत होती ३५ डॉलर. घरचे फोटो, सिनेमे, फाटकावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, सगळं त्याच्यावर. तो रखडायला लागला की आम्ही म्हणतो, ‘नेट स्लो आहे.’ मुलं विचारतात, नेट स्लो आहे की बोर्ड?

हा फरक भातसानगरच्या माणसाला समजवावा लागू नये. मुंबईच्या पाण्यातला सर्वांत मोठा वाटा भातसाचा, आणि उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात. धरणात किती आहे आणि आपल्या हंड्यात किती पडतं, हे दोन वेगळे हिशेब. मुलं तेच करतात. स्पीड टेस्टने बाहेरचा वेग बघतात, आणि आयपर्फ नावाच्या प्रोग्रामने घरातल्या घरात, लॅपटॉप ते बोर्ड, किती माल जातो ते मोजतात. घरातच अडलं असेल तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही.

आमच्या वेळी कंपनी वगैरे नव्हती, लाइनमन होता. पावसाळ्यात तक्रार नोंदवायची आणि वाट बघायची. तो सायकलवरून यायचा, खांबावर चढायचा, खांद्यावरच्या हँडसेटचे चिमटे तारांना लावायचा आणि वरूनच ओरडायचा, ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ घरातून कुणी तरी तितक्याच मोठ्याने ‘येतंय!’ म्हणायचं. दोघांचाही आवाज फोनशिवायच पोचत होता, हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. मग चहा. मग, ‘पुढचा जॉइंट गेलाय, उद्या बघतो.’ हा उद्या कधीकधी गणपतीनंतर उजाडायचा.

आज उद्यावर काही टाकता येत नाही, आणि संशयितही पुष्कळ. पहिला चार्जर. जुन्या मोबाइलचा चार्जर आणि बारीक वायर लावली, आणि दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं आणि बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो. दुसरी केबल. गिगाबिटला आठही तारा लागतात, शंभर मेगाबिटला चार पुरतात. म्हणजे एखादी तार तुटली तरी जोडणी बहुधा मरत नाही, मुकाट्याने शंभरावर येते. तिसरं बोर्डाचं वय. जुन्या पायचं केबलचं पोर्ट मुळातच शंभरचं, त्यात यूएसबीला लावलेली डिस्क आणि नेट एकाच वाटेने चालायचे. २०१८ च्या थ्री बी प्लसवर गिगाबिट लिहिलेलं, पण पलीकडे वाट तीच, त्यामुळे तीनशेच्या आसपास थांबायचं. पूर्ण गिगाबिट २०१९ च्या पाय फोरमध्ये आलं.

वायफायची तर तऱ्हाच न्यारी. वीज वाचवायला ते मधूनमधून डुलकी काढतं. तेवढं बंद केलं की बोर्ड ताबडतोब ओ देतो. आणि निळ्या यूएसबी थ्री पोर्टात हार्ड डिस्क लावली, तर तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला बुडवू शकतो. इंटेलने हे २०१२ मध्येच सांगून ठेवलं होतं. दोष डिस्कचा, शिव्या राउटरला. आमच्याकडेही खांब निर्दोष असायचा आणि शिव्या लाइनमनला.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, तेव्हा आमच्याकडे साधा ट्रंक कॉल लागणंही कौतुकाचं होतं. पुढे मोडेम आला, छप्पन्न किलोबिटचा. त्याची ती किंकाळी, मग शांतता, मग एक फोटो कपाळापासून हनुवटीपर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचा. एक एमबीला चार-पाच मिनिटं, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. आज आम्ही ते आठवून हसतो, त्या वेळी मात्र रडकुंडीला आलो होतो. आणि त्याआधीचं तर हसण्यासारखंही नाही. आषाढात लाइन मेली की मयताची खबर घेऊन कुणी तरी आसनगावला उतरून, मिळेल त्या एसटीने यायचं. ज्याला पोचायला उशीर झाला त्याच्यासमोर खरखरीचे गोडवे गाऊ नयेत.

तरी एक कबूल करावं लागेल, पद्धत लाइनमनचीच होती. खांबावर आवाज स्वच्छ, म्हणजे दोष घरात. खांबावरही खरखर, म्हणजे पुढच्या खांबाकडे. आयपर्फ याहून वेगळं काही करत नाही. चहा मात्र मागत नाही. लाइनमन कपबशी हातात घेऊन वर्दीही द्यायचा, कुणाला मुंबईहून फोन येतो, कुणाचा मुलगा बेस्टमध्ये लागला, कुणाकडे बिल थकलंय. आम्ही कान टवकारून ऐकायचो, आणि पुढच्या क्वार्टरमधल्या कपबशीवर आमच्या थकलेल्या बिलाचा विषय निघालेला असायचा.