सोनमाशांचे बाळंतपण

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. माझ्या हौसेचे मोल मात्र दीड-दोनशे मुक्या जिवांनी चुकते केले. तीच हकीकत येथे सांगत आहे.

आमचे घर भालकी तालुक्यातील एका खेड्यात. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना मामांनी हैदराबादहून चार गोल्डफिश आणून दिले. काचेची पेटी परवडणारी नव्हती, म्हणून ते अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत सोडले. पुढच्या फेब्रुवारीत दोघांच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे ठिपके दिसले. रोग आला असे समजून मी औषध शोधायला निघालो होतो! प्राणिशास्त्राचे सर हसून म्हणाले, "अरे, ते नर आहेत. विणीच्या काळात त्यांना असे ठिपके येतात. टाकीत पाणवनस्पती टाक आणि पाहत राहा."

तिसऱ्या दिवशी पहाटे टाकीत नुसती धांदल! नर मादीच्या मागे धावत होते, आणि हायड्रिलाच्या पानांना मोहरीएवढी, काचेसारखी अंडी चिकटली होती. थोड्या वेळाने पाहतो, तर आईबापच ती अंडी गिळत होते! मी घाईने सगळी वनस्पती उचलून एका पसरट टपात, टाकीच्याच पाण्यात ठेवली. जी अंडी पांढरी पडली ती वाया गेली. त्यांवर बुरशी चढते, म्हणून काढून टाकली. चौथ्या दिवशी उरलेल्या अंड्यांतून पिल्ले निघाली. पिल्ले कसली, दोन डोळे लावलेले केसाचे तुकडे! दोन दिवस ती टपाच्या कडेला चिकटून राहिली. तोवर पोटाशी असलेला बलकच त्यांना पुरतो.

पोहू लागल्यावर मात्र बाहेरचे अन्न हवे. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्यावा, असे मी वाचले होते. आजी माळकरी, आमच्या घरात अंडे येत नाही. मित्राकडे उकडून, पुडीत बांधून ते चोरून आणले. चिमूटभर पुरे होते. पण एवढी लेकरे उपाशी राहतील, या काळजीने रात्री आणखी दोन चिमटी टाकल्या. सकाळी पाणी ताकासारखे पांढरे झाले होते, आणि तळाशी मेलेल्या पिल्लांचा थर! उरलेले अन्न कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, अमोनिया वाढतो, हे मला तोंडपाठ होते. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते!

मी टपाशी बसून रडलो. शेजारच्या कन्नड अज्जी "मीनु सत्तवा?" म्हणत धावत आल्या. आजीला सगळे कळले. आता अंड्यावरून बोलणी बसणार, असे मला वाटले. ती एवढेच म्हणाली, "लेकरा, तान्ह्याला कुणी पंगतीचं वाढतं का?" मग मला गोठ्यातल्या म्हशीच्या डोणीकडे घेऊन गेली. तिच्यातले पाणी हिरवे झाले होते. वाटीत घेऊन उन्हात धरले, तर बारीक बारीक जीव वळवळत होते. तेच पाणी फडक्यातून गाळून थोडे थोडे घालू लागलो. आमच्या बीदरला पशुवैद्यक व मत्स्यविज्ञानाचे विद्यापीठ आहे. माझे पहिले विद्यापीठ मात्र ती डोण!

३१ पिल्ले जगली. रोज थोडे पाणी काढायचे आणि क्लोरीन उडून जावे म्हणून आदल्या दिवशी भरून ठेवलेले नळाचे पाणी घालायचे, हा नेम झाला. पिल्ले सगळी मातकट. "हे सोनमासे की ओढ्यातले?" म्हणून मित्र हसत. हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये अशाच मातकट माशांतून निवड करीत गोल्डफिश तयार झाले. पिल्ले तो पूर्वजांचा रंग घेऊनच जन्मतात. तीन महिन्यांनी एकेकाला पोटाकडून सोने चढू लागले.

जास्तीचे मासे कारंजा धरणात सोड, असे काहींनी सुचविले. मी ऐकले नाही. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात लोकांनी असेच सोडलेले गोल्डफिश तिथल्या माशांना उपद्रवी ठरले आहेत. मी ते मित्रांना वाटले, आणि प्रत्येकाला बजावले, "वाटेल त्यापेक्षा कमीच घाल."

५ मासे अजून मातकट आहेत. ते कोणी नेले नाहीत. संध्याकाळी आजी त्यांना चिमूटभर खाणे टाकते. मी आणखी टाकायला हात पुढे केला, की ती मनगट धरते.