सतरा इंचांचा मोह

मागच्या दिवाळीच्या बोनसमधून मी माझ्या स्विफ्टला १७ इंची अलॉय बसवले. खरा आकडा घरी सांगितला नाही (बायको हे वाचत नसावी अशी आशा आहे!). पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी काय दिसत होती म्हणून सांगू!

मग आम्ही तिघे मित्र कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला गेलो. साधारण २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक. आदल्या वर्षी तिथे कंपनीच्या १५ इंची चाकांवर फिरलो होतो. यंदा सगळ्यात चांगला लॅपसुद्धा पाऊण सेकंद जास्त! गाडी तीच, ड्रायव्हरही तोच (थोडा सुटलेला).

रात्री हॉटेलवर कागद-पेन घेऊन बसलो. मूळ टायर १८५/६५ आर १५, व्यास साधारण ६२२ मिलिमीटर. नवा २०५/५० आर १७, व्यास ६३७. म्हणजे जवळपास अडीच टक्के मोठा. प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला, आणि वळणातून बाहेर पडताना गाडीची ओढ तेवढीच कमी. वर स्पीडोमीटरही खऱ्या वेगापेक्षा मागे पडणार, ते वेगळंच.

दुसरं म्हणजे वजन. परत आल्यावर काट्यावर ठेवून पाहिलं, तर दर चाकामागे तीन किलो जास्त. "एवढंच?" असं मलाही वाटलं. पण चाक नुसतं पुढे जात नाही, ते फिरतंही. त्यामुळे अगदी कडेवरचा एक किलो वेग घेताना जवळपास दोन किलोंइतका जड पडतो. म्हणजे डिकीत वीसेक किलोंचं तांदळाचं पोतं टाकून मी रेस करत होतो!

एक मात्र कबूल करतो. टायरची भिंत बुटकी झाल्यामुळे स्टिअरिंग फिरवताच गाडी चटकन वळायची. मजा यायची. मोठ्या रिमच्या आत मोठे ब्रेकही मावतात, पण माझे ब्रेक होते तेच. आणि सगळे पैसे रिम्समध्ये गेल्यामुळे टायर घेतले स्वस्तातले, कडक रबराचे. पकड रबरातून येते हो, रिममधून नाही! फॉर्म्युला वनच्या गाड्यासुद्धा २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर पळत होत्या.

ऑफिसात ज्युनिअर पोरांना मी रोज ऐकवतो, "आधी मोजा, मग ऑप्टिमाइझ करा." आणि स्वतः?

असो. जुन्या रिम्स माळ्यावरून काढल्यात, चांगले मऊ टायर शोधतोय. अलॉय विकायचे आहेत. किती तोट्यात, ते मात्र घरी विचारू नका!