खाऱ्या पाण्याचे फोन

होळी म्हटलं की बाहेरच्यांना सण आठवतो, वसईकरांना बाजार. वसई गावातल्या या होळी बाजाराजवळ २०२० च्या दिवाळीपासून मी काही महिने मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात काम केलं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग संपलं होतं, ऑफर लेटर ईमेलमध्ये होतं आणि जॉइनिंगची तारीख पुढे पुढे सरकत होती. आई म्हणाली, घरात बसून डोकं खाण्यापेक्षा भाऊंच्या दुकानात बस.

भाऊ बारावी नापास. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मल्टीमीटर धरता येतो का?" डिग्रीची चौकशी तिथेच संपली.

तेव्हा शाळा फोनवर भरत होती. तीन भावंडांत एक फोन, तोही फुटलेला. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून माल आणायला भाऊ बाईकवरून वर्सोवा पूल ओलांडून मुंबई गाठायचे आणि पाठीवरच्या सॅकमध्ये फोल्डर, चार्जिंग पट्ट्या, बॅटऱ्या भरून परतायचे. (फोल्डर म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र. मला आधी वाटलं फाईल ठेवायचा.)

आमच्याकडे पाण्यात पडलेले फोन जास्त यायचे, कारण पाचूबंदर आणि किल्लाबंदर हाकेच्या अंतरावर. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यासारखं नसतं. मिठामुळे त्यातून वीज सहज वाहते. बॅटरी जोडलेली असली की बोर्डावरच्या रेषांमध्ये रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही तासांत हिरवट-पांढरी बुरशी दिसायला लागते. बुरशी हा आमचा शब्द, खरं तर तो गंज. तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय. शील्डच्या पत्र्याखाली अडकलेलं पाणी तांदूळ ओढत नाही, आणि तोवर गंज आपलं काम करत राहतो. फोन बंद करून लगेच दुकान गाठायचं. हे व्हॉट्सॲपवर कुणीच फॉरवर्ड करत नाही.

पाचूबंदरच्या एक मावशी असाच तीन दिवस तांदळात ठेवलेला फोन घेऊन आल्या. "फोन नको मला," त्या म्हणाल्या. "त्यात ह्यांचा आवाज आहे." नवरा ऑगस्टमध्ये गेला होता. व्हॉइस नोट्स फक्त त्या फोनवर होत्या, बॅकअप कधी लावलाच नव्हता.

मी मनातल्या मनात हुशारी केली: मेमरीची चिप काढायची, दुसऱ्या बोर्डावर लावायची. भाऊ हसले नाहीत, पण मानही हलवली नाही. आताच्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी आणि आपल्या पिनशी बांधलेली असते. म्हणजे चिप एकटी काढून उपयोग शून्य, तोच बोर्ड जिवंत व्हायला हवा. पुस्तकात मी हे सुरक्षेचं वैशिष्ट्य म्हणून वाचलं होतं. समोर मावशी बसल्या असताना ते वेगळंच वाटतं.

बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून टूथब्रशने घासला. डीसी मशीनला लावला तर काटा थेट वर, फुल शॉर्ट. मग राळेचा धूर दिला. बोर्डावर पांढरा थर बसतो, मेन लाईनमध्ये थोडा व्होल्टेज सोडला की जो पार्ट शॉर्ट आहे तो तापतो आणि तेवढ्याच जागी राळ वितळते. मोहरीच्या दाण्याहून लहान कपॅसिटर सापडला. भाऊंनी तो उपटून टाकला. त्या लाईनवर असे अनेक असतात, एक गेला तरी फोन चालतो. काटा खाली आला.

दुकानातला जुना डिस्प्ले जोडला, लोगो आला. भाऊंनी फोन मावशींकडे वळवला आणि स्वतः रस्त्याकडे तोंड केलं. पिन गिऱ्हाइकानेच टाकायचा, हा त्यांचा नियम. पाटी नाही, प्रायव्हसी पॉलिसी नाही, नुसती मान वळवायची. आज मी लॉगिनच्या कोडवर काम करतो आणि ही वळलेली मान मला कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये सापडत नाही.

मला वाटलं, आता नवीन बॅटरी घालून फोन नीट करू. भाऊ म्हणाले, "हात लावू नकोस. चालतोय तोवर कॉपी कर." गंजलेला बोर्ड कधी मान टाकेल सांगता येत नाही. आधी डेटा, फोन नंतर. डीसी मशीनवरच चालू ठेवून मी सगळं लॅपटॉपवर ओढलं आणि तिथून त्यांच्या मुलीच्या फोनमध्ये टाकलं. व्हॉइस नोटच्या फाईलच्या नावात तारीख असते, त्यामुळे ऑगस्टच्या आधीच्या शोधायला वेळ लागला नाही.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं. चांगलंच आहे. पण आजही काही कंपन्यांच्या फोनमध्ये अस्सल डिस्प्ले बदलला तरी सॉफ्टवेअर त्याला ओळख देत नाही, आणि ती अडवणूक लिहिणारे माझ्यासारखेच इंजिनिअर असतात.

मावशींनी पैसे विचारले. भाऊ म्हणाले दोनशे. माझ्या हिशोबाने नुसत्या वेळेचेच त्याहून जास्त झाले होते, पण दुकान माझं नव्हतं.

मावशींनी तिथेच एक नोट लावली. फोन कानाला घट्ट धरला, तरी बाहेर ऐकू आलं. बर्फ आला का, एवढंच ते विचारत होते. मावशींनी ती परत लावली. भाऊंनी हॉट एअर मशीन बंद केलं. त्याचा आवाज फार होतो.