यवतमाळात तीन-चार तास मोकळे

"मॅडम, तुम्ही घडीघडी यवतमाळले कायले जाता जी?" असं आमच्या चौथीतली पोरं मला विचारतात. खरं आहे त्यांचं. आमची शाळा दारव्हा तालुक्यातल्या एका लहानशा गावात. महिन्यातून दोन-तीनदा तरी मला जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. कधी कार्यालयात कागद द्यायचे असतात, कधी शाळेसाठी रंग, पुस्तकं आणायची असतात. काम तासाभरात उरकतं, पण गावाकडची एस.टी. सुटते ती थेट संध्याकाळी! मग मधले तीन-चार तास काय करायचं? शहरात आपलं घर नाही. दुकानात उगाच उभं राहिलं तर लगेच विचारतात, "ताई, काय दाखवू?" म्हणून, मित्रांनो, मी काही जागा हेरून ठेवल्या आहेत. तिथं बसायला पैसे लागत नाहीत.

यवतमाळ तसं जुनं गाव, बरं का! अकबर बादशहाच्या काळातल्या 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात 'योत-लोहारा' असा उल्लेख आहे. त्यातला 'योत' म्हणजे आपलं यवतमाळ, आणि लोहारा तर आजही शेजारीच आहे. जिल्ह्याला मात्र पूर्वी वणीचं नाव होतं; 'यवतमाळ जिल्हा' हे नाव १९०५ मध्ये मिळालं.

गावातलं समता मैदान मला आवडतं. लोक त्याला पोस्टल ग्राउंडही म्हणतात. डबा खायला आणि पोरांचं क्रिकेट बघायला ही जागा झकास. जानेवारी २०१९ मध्ये इथंच ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष होत्या डॉ. अरुणा ढेरे. आणि उद्घाटन केलं कुणी, ठाऊक आहे? आपल्याच जिल्ह्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्या शेतकरी कुटुंबातल्या. एवढ्या मोठ्या मांडवात, लेखक-कवींसमोर उभं राहून त्या शेतकऱ्यांच्या घरातलं दुःख बोलल्या. मला तर त्या मैदानात बसलं की तेच आठवतं.

पण माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे शकुंतलेचं स्टेशन. शकुंतला म्हणजे कुणी बाई नव्हे हं, आगगाडी! यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर. इंग्रजांच्या काळात किलिक-निक्सन कंपनीनं हा मार्ग उभारला, तो आपल्या कापसासाठी. इथला कापूस या छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि मग बोटीनं इंग्लंडातल्या गिरण्यांत. आपण पिकवायचा, कापड त्यांनी विणायचं, आणि तेच कापड आपण विकत घ्यायचं!

या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. मोठ्या गाडीचं असतं साडेपाच फूट. शाळेच्या अंगणात खडूनं दोन्ही आखून बघा, म्हणजे गंमत कळेल. १९९४ पर्यंत हिला वाफेचं इंजिन होतं, ते १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं. मी लहानपणी आजोबांबरोबर दारव्ह्याहून यवतमाळला आले, तेव्हा डिझेल इंजिन आलं होतं. गाडी इतकी हळू, की आजोबा म्हणाले, "बाई, उतरून बोरं तोडून आणली तरी डबा सापडते!"

आता काही वर्षांपासून ही गाडी बंद आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी खरी आगगाडी पाहिलेलीच नाही. म्हणून २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब हा नवा मोठा मार्ग सुरू झाला, तेव्हा मी वर्गात नकाशा लावला. तो पुढे यवतमाळवरून नांदेडपर्यंत जाणार असं आखलं आहे. तरी शकुंतला जावी, हे काही मला पटत नाही.

भूक लागली की आलुबोंडा आणि वर तर्री! त्याबद्दल लिहीत बसले तर पान पुरणार नाही.

वेळ जास्त असला की ऑटो करून निळोणा धरणावर जाते. यवतमाळच्या नळाला पाणी येतं त्या धरणांपैकी हे एक, दुसरं चापडोह. चांगला पाऊस झाला की सांडव्यावरून पाणी धो धो पडतं आणि अर्धं गाव बघायला लोटतं. (पाण्यात मात्र उतरायचं नाही. नुसतं बघायचं!) पण २०१७ ला पाऊस कमी झाला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात ही धरणं आटली. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येई. घरोघरी टँकरची वाट बघणं सुरू होतं. जिथं मी पाय लांबवून लाटा बघायची, तिथं भेगाळलेली माती होती.

हे मी वर्गात सांगितलं, तर पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मंग मासोया कुठं गेल्या?" मला उत्तर आलं नाही. आता या पावसाळ्यात वर्गाची सहल निळोण्यालाच न्यायची असं ठरलंय. तिथं मासे धरणारे भेटतात, त्यांनाच विचारू. मुख्याध्यापकांनी हो म्हटलंय, एस.टी.ची गाडी तेवढी मिळायची आहे.