वाळूतला चेंडू

गोल्फचे मैदान दुरून पाहणारास मोठे निरुपद्रवी वाटते. विस्तीर्ण हिरवळ, कडेची झाडे आणि मधूनमधून पसरलेले वाळूचे पांढरे खड्डे. हे खड्डे, म्हणजेच बंकर, शोभेसाठी नसतात, हे त्यांत चेंडू पडल्यावरच कळते. स्कॉटलंडात हा खेळ वाढला तो समुद्रकाठच्या वालुकामय माळांवर. तेथे असे खड्डे मुळातच होते. पुढे खेळ जेथे जेथे गेला, तेथे तेथे माणसांनी ते हौसेने खणले. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर ते ११२ आहेत आणि चौदाव्या होलवरील एकाचे नाव 'हेल', म्हणजे चक्क नरक, असे आहे. त्याच मैदानाच्या सतराव्या होलवर, १९७८ सालच्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत, जपानच्या नाकाजिमासारख्या कसलेल्या खेळाडूचा चेंडू बंकरमध्ये गेला आणि चार फटक्यांच्या त्या होलला त्यास नऊ फटके लागले.

ह्या वाळूशी आमचा परिचय झाला तो पन्नाशी उलटल्यावर, हृदयविकाराच्या दुखण्यातून उठल्यानंतर. डॉक्टरांनी चालण्याचा हुकूम केला, काही महिन्यांनी खेळण्यासही मुभा दिली, आणि एका स्नेह्याने आम्हांस मैदानावर नेले. तेथे आम्हांस गुरू लाभला तो काठ्यांची पिशवी वाहणारा एक कॅडी. वयाने आमच्या विद्यार्थ्यांएवढा. वाळूत उतरल्यावर त्याने पहिलाच धडा दिला तो असा : "सर, चेंडूला मारूच नका. वाळूला मारा."

वरकरणी हे विपरीत वाटते. पण त्यात सारे शास्त्र आहे. इतर फटक्यांत काठी चेंडूवर आदळते. येथे ती चेंडूच्या सुमारे दोन इंच मागे वाळूत शिरते, त्याच्या खालून सरकत पुढे निघते, आणि उसळलेली वाळूच चेंडूस उचलून हिरवळीवर टाकते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने चेंडू डाव्या पायाच्या बाजूस घ्यावा, शरीराचा भार त्याच पायावर ठेवावा आणि काठीचे पाते आधी आकाशाकडे उघडून मग मूठ आवळावी. चेंडू वाळूत रुतला असेल तर मात्र पाते इतके उघडू नये. तसा चेंडू बाहेर आल्यावर अधिक घरंगळतो, हेही ध्यानात ठेवावे.

पूर्वीच्या काठ्यांची धार वाळूत रुतून बसे. १९३१ च्या सुमारास अमेरिकेच्या जीन साराझेनने आपल्या काठीच्या तळास डाख देऊन तिची मागची कड पुढच्या कडेहून खाली आणली. त्यामुळे ती रुतण्याऐवजी वाळूवरून घसरू लागली. उड्डाण करणाऱ्या विमानाची शेपटी पाहून ही युक्ती सुचली, असे तो सांगत असे. १९३२ साली त्याने ब्रिटिश ओपन जिंकली आणि 'सँड वेज' ही काठी सर्वत्र रूढ झाली.

परंतु काठी सुधारली म्हणून भीती जात नाही. झेंडा दहा पावलांवर दिसत असतो. मन म्हणते, हळूच टोलवावे. येथेच घात होतो. फटक्याचा बहुतेक जोर वाळू गिळून टाकते. जो हात आखडता घेतो, त्याची काठी वाळूत थांबते व चेंडू जागच्या जागी राहतो. अंतर कमी हवे असेल तर काठी मागे कमी न्यावी. पण एकदा निघालेली काठी पुढे पुरती जाऊ द्यावी. व्यवहारात हात आखडता घेणे हे शहाणपण असेल. वाळूत ते चालत नाही.

ह्या धड्याचे आम्हांस विशेष अप्रूप वाटले, त्याचे कारण आमचे दुखणे. दुखण्यानंतर घरात दिवसभर एकच शब्द कानी पडे : जपून. जिना जपून, बोलणे जपून, हसणेही जपून. वर्गातही आमचा आवाज आपोआप उतरला होता. अशा वेळी कोणी तरी म्हणावे की, निघालात तर पुरते जा, हे औषधाहून गुणकारी ठरले.

फटक्यापूर्वी काठीने वाळू चाचपून पाहण्यास नियमांची बंदी आहे. पाय मात्र घट्ट रोवण्यास मोकळीक आहे. म्हणून जाणता खेळाडू वाळूची खोली व ओल तळपायांनीच ओळखतो. २०१९ पासून दोन फटक्यांचा दंड सोसून चेंडू खड्ड्याबाहेर ठेवण्याचीही सवलत आहे. आम्ही ती अद्याप घेतलेली नाही. दंड जबर आहे खरा. पण त्याहून खरे कारण असे की, त्या पुरत्या फटक्याची आम्हांस गोडी लागली आहे.

फटका साधो वा न साधो, वर येताना आपल्या पावलांच्या खुणा दाताळ्याने सपाट कराव्या लागतात, कारण मागून येणाऱ्याचा चेंडूही तेथेच पडावयाचा असतो. ते काम आम्ही कॅडीवर सोपवीत नाही. घरी मात्र 'जपून' अजून चालूच आहे. आणि घरच्यांच्या बाजूने पाहिले तर तेही योग्यच आहे.